चांगल्या बुरशीवाला

वर्षाचे तांदूळ पुरते न वाळवताच पिंपात भरून झाकण घट्ट लावण्याचा पराक्रम माझाच. उघडलं तर कुबट वास आणि हिरवट बुरशी. आईची सकाळची पेज याच तांदळाची. "धुवून घेऊ," मी बायकोला म्हणालो.

तेवढ्यात आमच्या चौल गावात दारोदार फिरणारा एक विक्रेता आमच्याकडे आला. हेल्मेट शेवटपर्यंत काढलं नाही, म्हणजे तोंड लपवत असणार. पिशवीत म्हणे चांगल्या बुरशीची पाकिटं!

"बुरशीवर बुरशी?" मी डोळे बारीक केले.

"काका, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरता ना? ही शेतातच तशी जागा धरते. मग विषारी बुरशीला बसायला जागा न्हाय."

"मग टाका की या पिंपात."

त्याने हेल्मेटची काच वर करून मूठभर तांदूळ हुंगले. "बसलेल्याला रुमाल उठवत न्हाय, काका. यातलं विष धुवून जायचं न्हाय. फेका. कोंबड्यांनाही नको." आणि एकही पाकीट न विकता तो गेला.

"विकायला येऊन न विकता गेला! काहीतरी काळंबेरं आहे," मी म्हणालो.

पिंप अंगणात ओढत बायको म्हणाली, "आईंना हे मी वाढलं असतं, तर गावाने संशय कोणावर घेतला असता?"