स्टुडिओतली कुरकुरती खुर्ची

आत्याला दिसत नव्हतं, त्यामुळे तिचे कान तिखट असणार असा सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात ते चारचौघांसारखेच होते, आणि डाव्यानं तर पन्नाशीनंतर कामचुकारपणाच सुरू केला होता. मात्र कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर उभी नोकरी काढल्यामुळे तिला एक सवय लागली होती. समोरचा बोलायचा थांबला म्हणून लगेच लाइन तोडायची नाही. निम्मे लोक ‘बरं, ठेवतो’ म्हटल्यानंतरच कामाचं बोलतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

निवृत्तीनंतर ती सामुदायिक रेडिओवर जाऊ लागली. वाचनालयाच्या वर दोन खोल्या, त्यांतल्या एकीत स्टुडिओ, आणि आवाज पोचायचा जेमतेम नदीच्या पुलापर्यंत. तिथं अपंगांचा एक कार्यक्रम होता. अपंगांचा म्हणजे अपंगांविषयीचा. त्यात डॉक्टर बोलत, आया बोलत, देणगीदार तर आवरत नसत. ज्यांच्याविषयी हे सगळं चाले ते घरी बसून ऐकत. कार्यक्रम आत्याच्या हाती आला तेव्हा पहिल्याच बैठकीत ती म्हणाली, “आता ज्याचं त्यानं बोलायचं.”

“उत्तम कल्पना!” संचालकसाहेबांनी दाद दिली. ते निवृत्त शिक्षणाधिकारी होते. उत्तम कल्पना पुढं कोणी अमलात आणत नाही, असा त्यांचा नोकरीभरचा अनुभव होता.

आत्यानं पहिला पाहुणा घरातलाच धरला. भाचा तिशीचा, स्वमग्न, लाँड्रीत चादरींच्या घड्या घालायचा. त्याला बोलता येत होतं, पण प्रश्न आत जाऊन उत्तर बाहेर यायला वेळ लागे. तेवढ्यात त्याची आई उत्तर देऊन मोकळी होई. पंखा लावू का, लाँड्रीत बरं चाललंय ना, डब्यात काय देऊ – सगळी उत्तरं तिच्याकडे तयार. “त्याला कोबी फार आवडतो,” हे तर ती न विचारताही सांगायची. तिची उत्तरं बहुतेक वेळा बरोबर असत, हीच खरी अडचण होती.

“वन्सं, त्याचं प्रदर्शन मांडू नका हं,” वहिनी म्हणाली. “लोक हसतील.”

“हसू देत की. सध्या तो आहे हेच त्यांना माहीत नाही.”

“आणि खुर्चीत सारखा झुलतो हो. किती वेळा सांगते, नीट बस म्हणून.”

“वहिनी, रेडिओ आहे तो. दिसत नाही. मला विचारा.”

पहिल्यांदा मुलाखत रेकॉर्ड केली. रेडिओच्या तंत्रज्ञाला सगळे वायरमन म्हणत, जरी तो आयुष्यात एकदाही खांबावर चढला नव्हता. त्यानं मोठ्या मायेनं मधल्या सगळ्या शांतता कापून टाकल्या आणि भाचा बँकेच्या मॅनेजरसारखा फाडफाड बोलू लागला. भाच्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं, बराच विचार केला आणि विचारलं, “हा कोण आहे?”

ते रेकॉर्डिंग तिथंच राहिलं. आता थेट बोलायचं ठरलं, आणि तिथं यंत्र आडवं आलं. पूर्वी एकदा वायरमनला डुलकी लागून श्रोत्यांनी अर्धी दुपार नुसती शांतता ऐकली होती. कोणाची तक्रार आली नाही, हे साहेबांना जास्त लागलं. तेव्हापासून एक यंत्र बसवलेलं होतं. आठ सेकंद आवाज आला नाही की ते आपण होऊन गाणं लावायचं. त्याची किल्ली साहेबांच्या खिशात असे.

“लाँड्रीत तुला काय आवडतं?” आत्यानं विचारलं. भाचा विचार करू लागला, आणि आठ सेकंदांनी एक प्रेमात पडलेली बाई जोरात गाऊ लागली. भाच्यानं हेडफोन काढले, टेबलावर सरळ ठेवले आणि तो घरी गेला. उत्तर त्यानं दुसऱ्या दिवशी फोनवर दिलं. “गरम चादर.”

“आत्याबाई, प्रयत्न झाला,” साहेब म्हणाले. “आता डॉक्टरांचा सल्ला परत सुरू करू.”

“यंत्र तेवढा वेळ बंद ठेवा.”

“यंत्राला कोणी हात लावायचा नाही.”

“नाही लावत. पण पुढला आठवडा माझा आहे.”

“ठीक आहे. पुन्हा मध्येच गाणं लागलं, तर मात्र कार्यक्रम डॉक्टरांचा.”

आठवडाभर आत्या यंत्राला ऐकवायला आवाज शोधत होती. भिंतीवरचं घड्याळ माइकजवळ आणलं, तर भाचा म्हणाला, ते दातात वाजतं. पंखा लावला, तर वायरमन म्हणाला, लोकांना वाटेल वादळ आलं. ती स्वतः ‘हं… हं…’ म्हणत बसली, तर प्रत्येक ‘हं’ हा नवा प्रश्न समजून भाचा पहिल्यापासून विचाराला लागे. कार्यक्रमाच्या दिवशी जिना चढताना तिच्याकडे काहीही नव्हतं. परत फिरायचा विचारही नव्हता.

पॅसेजमधून आवाज आला. कर्र. कर्र.

“काय वाजतंय?”

“मोडकी फिरती खुर्ची. कुरकुरते म्हणून मीच बाहेर काढली होती,” वायरमन म्हणाला. “तुमचा भाचा झुलतोय तिच्यात. थांबवू?”

“खबरदार!” आत्या भिंत धरत पॅसेजमध्ये गेली. “काय रे, ही खुर्ची आत घेतली तर चालेल तुला?”

कर्र. कर्र. कर्र. “चालेल. ही बरी आहे. पण झुललं की आई रागावते.”

“आज झूल.”

“आत्याबाई, जन्म गेला माझा स्टुडिओतली कुरकुर बाहेर काढण्यात!” वायरमन म्हणाला.

“मग वाट माहीतच आहे तुला. आण आत.”

लाल दिवा लागला. “मंडळी,” आत्या म्हणाली, “कुरकुर ऐकू येईल ती खुर्चीची. पाहुणे विचार करताहेत असं समजा. रेडिओ नीट आहे.” मग तिनं विचारलं, “लोकांनी काय करू नये असं तुला वाटतं?”

खुर्ची बोलत राहिली. वायरमननं यंत्राशेजारी श्वास रोखून धरला होता. आठ सेकंद होऊन गेले, आणखीही कितीतरी गेले. गाणं लागलं नाही.

“माझ्याबद्दल आईला विचारू नये,” भाचा म्हणाला. “मी तिथंच असतो.”

आत्या पुढचा प्रश्न विचारणार तोच फोन वाजला. श्रोत्यांचे फोन ती स्वतःच घेई, जुन्या सवयीनं. “बोला, लाइन चालू आहे.”

“वन्सं, मी बोलतेय. छान चाललंय हो! त्यानं डबा खाल्ला का?”

वायरमनला खोकल्यासारखं काहीतरी झालं.

“वहिनी, तो इथंच बसलाय. त्यालाच विचारा.”

“अगं बाई… हो. बाळा, डबा खाल्लास का?”

कर्र. कर्र. पलीकडून वहिनीनं उत्तर द्यायला श्वास घेतला. तो श्वास आत्याच्या चांगल्या ओळखीचा होता. “वहिनी,” ती हळूच म्हणाली, “लाइन धरून ठेवा.” वहिनीनं तो श्वास तसाच सोडून दिला.

“नाही खाल्ला,” भाचा म्हणाला. “मला कोबी आवडत नाही.”

“कधीपासून?”

खुर्ची बराच वेळ कुरकुरली. सगळे थांबले, वहिनीसुद्धा.

“पहिल्यापासून.”

कार्यक्रम संपला तसे साहेब आत आले. “उत्तम झालं, उत्तम! फक्त त्या खुर्चीला तेवढं तेल घाला.”

“तेलाची बाटली कुठाय?” आत्यानं विचारलं. वायरमननं ती तिच्या हातात दिली. तिनं बाटली पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि काठी उचलली.

“पुढला आठवडाही माझाच आहे,” ती म्हणाली.