गावाचा वीर, आमचे भाऊजी

आमच्या भाऊजींना खाणीत सगळे घुम्या म्हणतात. ताईला बघायला आले तेव्हा दोन तास बसून एकदाच बोलले होते, "या खोलीचं छत चांगलं आहे." आईला वाटलं, हा माणूस घर विकत घ्यायला आलाय की काय! मग कळलं, ते खाणीत टेकू लावतात. कोळसा काढत पुढे गेलं की मागचं छत खाली येऊ नये म्हणून लाकडाचे टेकू उभे करायचे. काठीनं छत ठोकायचं, आवाज ऐकायचा आणि टेकू कुठे हवा ते ठरवायचं. जन्मभर वर बघत आलेल्या माणसाला समोर बसलेली ताई दिसली, हेच आम्ही नशीब समजलो.

मी त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहते आणि शाळांचे गणवेश शिवते. त्यामुळे मी जे सांगतेय ते पेपरात वाचून नाही. पेपरात आलं ते वेगळंच आहे, त्याबद्दलही सांगते.

गेल्या हिवाळ्यात खाणीत छत बसलं आणि भाऊजींसकट चार जण आत अडकले. नऊ दिवस अडकले होते. त्या नऊ दिवसांत ताई काय जगली ते मी बघितलंय, त्यावर विनोद करायची माझी हिंमत नाही. पण खाणीच्या तोंडाशी जमलेल्या गर्दीवर करायला काय हरकत आहे?

पहिल्या दिवशी आमच्यासारखे घरचे लोक होते. दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या गाड्या आल्या, आणि तिसऱ्या दिवशी गावाला एकदम आठवलं की आपलं या चौघांवर केवढं प्रेम आहे. लोक डबे घेऊन, पोरांना नवे स्वेटर घालून यायला लागले. फुगेवाला आला. मेणबत्त्या इतक्या लागल्या की मेणावरून घसरून एका आजोबांचा पाय मोडला, आणि त्यांचीही मुलाखत झाली. आमच्या शेजारीणबाई सांडपाण्याच्या भांडणापासून तीन वर्षं ताईशी बोलत नव्हत्या. कॅमेरा वळला तशा त्या ताईच्या गळ्यात पडून अशा रडल्या की ताईलाच त्यांची समजूत काढावी लागली. गावातला न्हावी तर खाणीचा तज्ज्ञ झाला. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर बोट फिरवून तो छत कुठे बसलं, भोक कुठून पाडायला हवं ते समजावून सांगायचा. त्या आठवड्यात अर्ध्या गावाचे केस एका बाजूला जास्त कापलेले होते.

टीव्हीवाल्या पोरीनं ताईसमोर माईक धरला. "तुम्हाला या क्षणी काय वाटतंय?"

"पाय बधिर झालेत," ताई म्हणाली. ते काही दाखवलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी वरून पाडलेलं भोक आतपर्यंत पोचलं. त्यातून एक लोखंडी नळकांडं सोडलं, माणूस हात अंगाशी घेऊन उभा राहिला तर जेमतेम मावेल एवढं. एकेक जण वर आला. लोकांनी टाळ्या, शिट्ट्या, आरोळ्यांनी आभाळ डोक्यावर घेतलं. तिसरा आला आणि मग बराच वेळ कुणीच येईना. ताईनं माझा दंड असा धरला होता की आठवडाभर वळ होते. शेवटी नळकांडं पुन्हा वर आलं आणि त्यातून भाऊजी बाहेर पडले. मी रडले, मोठ्यानं रडले, लाज कसली त्यात?

माझं रडणं संपायच्या आत टीव्हीवर कथा तयारही झाली होती. 'सोबत्यांना आधी सुखरूप पाठवून स्वतः सर्वांत शेवटी आलेला वीर!' दवाखान्यात एका फोटोवाल्यानं भाऊजींना विनंती केली की चेहऱ्याला पुन्हा थोडा कोळसा लावाल का, कारण नर्सनं तोंड फारच स्वच्छ धुतलं होतं. त्यानं येताना खिशातून कोळशाचा तुकडाही आणला होता. आणि फोटो बघून काही लोक नाराज झाले. नऊ दिवसांच्या मानानं गाल म्हणावे तसे बसलेले नाहीत, असं त्यांचं मत पडलं.

घरी आल्यावर पहिल्या जेवणाला आम्ही तिघंच होतो. ताई त्यांच्याकडे बघत बसली होती आणि भाऊजी छताकडे. मग आपण होऊन बोलले, आमच्या घरातली ही मोठीच घटना.

"मी शेवटी आलो ते मला त्या नळकांड्यात शिरायचं नव्हतं म्हणून. भीती वाटत होती. म्हणून दर वेळी म्हटलं, तू जा, तू जा."

ताईला हसू फुटलं. मग तिनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि ते हसू तिथंच थांबलं.

"मग शिरलात कसे?" मी विचारलं.

"एकटा उरलो. त्याची भीती जास्त होती." पाण्याचा पेला सरळ करत ते म्हणाले, "मी आता खाली जाणार नाही. वर काहीही काम करीन. खाली नाही."

सगळी गोष्ट एवढीच आहे. हे वाक्य त्यांनी कुणापासून लपवलं नाही. घरी आलेल्या पत्रकाराला त्यांनी हेच शब्द सांगितले, मी तिथं काजं करत बसले होते. दुसऱ्या दिवशी मथळा आला, 'मी काहीच केलं नाही, म्हणतो विनम्र वीर'. शाळेच्या मोठ्या बाई त्यांना मुलांपुढे धैर्यावर बोलायला घेऊन गेल्या. तिथं ते म्हणाले, "मी घाबरलो होतो." बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'नम्रता'. बुटाच्या दुकानानं त्यांचा फोटो काचेत लावला, जरी आत अडकले तेव्हा त्यांच्या पायात दुसऱ्याच दुकानाचे बूट होते. रस्त्यात बायका आपली तान्ही पोरं त्यांच्या हातात द्यायला लागल्या. पोरं रडायची, आणि भाऊजींची अवस्था काही वेगळी नव्हती.

आता हा नुसता प्रेमाचा पूर आहे असं वाटत असेल, तर आमच्या खाणीची एक रीत सांगायला हवी. अपघातानंतर जो सर्वांत शेवटी वर येतो, त्यानंच सर्वांत आधी पुन्हा खाली जायचं. तो एक फेरी करून आला की मग बाकीचे उतरतात. तोवर खाण बंद. ही रीत कुणी पाडली ते ठाऊक नाही. बहुधा अशा कुणीतरी, जो कधीच शेवटी वर आला नव्हता.

खाण बंद म्हणजे पगार बंद, आणि पगार बंद म्हणजे पावापासून बुटांपर्यंत सगळी दुकानं थंड. तेव्हा लोकांच्या डोळ्यांत भाऊजींबद्दल जे पाणी होतं, त्यात थोडं आपापल्या चुलीचंही होतं. मी त्यांना दोष देत नाही. फक्त त्या पाण्याला भक्ती म्हणू नका एवढंच.

मॅनेजर स्वतः घरी आले, पुष्पगुच्छ घेऊन. भाऊजींनी गुच्छ ताईकडे दिला आणि म्हणाले, "साहेब, मला वर लाकडाच्या वखारीत काम द्या. टेकू कापीन."

मॅनेजर खो खो हसले. "अहो, वाघाला वखारीत बांधायचं? लोक मला जोड्यानं मारतील!"

"मला भीती वाटते."

"हाच तर तुमचा मोठेपणा!" असं म्हणून त्यांनी चहा संपवला आणि सत्काराची तारीख सांगून गेले.

सत्कार शाळेच्या सभागृहात झाला. भाषणं इतकी झाली की पुढच्या रांगेतला एक गृहस्थ झोपेतच टाळ्या वाजवत होता. एका कवींनी कविता वाचली. तिच्यात भाऊजींनी मृत्यूच्या डोळ्याला डोळा भिडवला होता. मग भाऊजींना उभं केलं. त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला आणि आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण केलं.

"मी आत रडलो. मला भीती वाटते. मला खाली जायचं नाही."

मला वाटलं, चला, समजलं एकदाचं. आणि मग अख्खं सभागृह उठून उभं राहिलं! बायका पदरानं डोळे पुसायला लागल्या. मॅनेजरांनी भाऊजींना मिठी मारली आणि माईक ओढून म्हणाले, "भीती कबूल करायला वाघाचं काळीज लागतं! सोमवारी सकाळी आपला हा वाघ पुन्हा खाली उतरेल!" टाळ्या थांबेचनात. मी ओरडून सांगावं म्हटलं तर माझाच आवाज मला ऐकू येईना.

ताईचंही सांगायला हवं. तिला हे सगळं अगदीच नकोसं होतं असं नाही. दुकानात तिला रांगेत उभं राहावं लागत नव्हतं, शेजारीणबाई सकाळ-संध्याकाळ हाक मारत होत्या. आणि दुसऱ्या खाणकामगारांच्या बायका दारात येऊन काही न बोलता उभ्या राहायच्या, ते तिला बघवत नव्हतं. शनिवारी ती भाऊजींना म्हणाली, "एक फेरी करून या ना. एकच. खाली पाय टेकवायचा आणि वर यायचं. मग मीच तुम्हाला जाऊ देणार नाही."

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. "बरं," म्हणाले. त्यानंतर ते जेवले नाहीत. झोपायलाही ते घरात आले नाहीत. एवढ्या थंडीत अंगणात खुर्ची टाकून बसले, कारण घराला छत होतं.

सोमवारी सकाळी ते शर्ट घालून आरशापुढे उभे होते. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात म्हणून ताई आत गेली. मी दारातून बघितलं, ती त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. त्यांच्या बोटांनी ती लागत नव्हती. शेवटचं बटण लावून झालं तरी ताईनं हात काढले नाहीत.

खाणीवर जत्राच होती. शाळेचा बँड, टीव्हीच्या गाड्या, भाऊजींच्या तोंडाचा दोन माणसांएवढा फलक, त्यावर चेहरा अर्थातच काळा केलेला. भाऊजींनी हेल्मेट घातलं आणि माणसांना खाली नेणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात जाऊन उभे राहिले. एकटेच. दार ओढलं गेलं. "वाघ! वाघ!" असा गजर झाला. दोन्ही हातांनी गज धरून ते उभे होते आणि त्यांच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. समोर हजार डोळे होते, आणि एकालाही ते दिसलं नाही.

"थांबवा!" ताई ओरडली. "अहो, बाहेर या! घरी चला!"

एका बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "वहिनी, धीर धरा. वाघाची बायको ना तुम्ही?"

ताईनं तिला असं ढकललं की ती बँडच्या ढोलावर जाऊन बसली. मग गर्दीतून वाट काढत ताई पुढे गेली आणि पिंजऱ्याचा खटका तिनं स्वतः उघडला. भाऊजी दोन पावलं बाहेर आले आणि तिथंच खाली बसायला लागले. ताईनं त्यांना काखेत हात घालून धरलं. "मी चुकले हो," ती म्हणाली. "चला."

त्या दोघांच्या मागोमाग मी गर्दीतून चालत होते, त्यामुळे गावाचा अभिप्राय मला फुकटात ऐकायला मिळाला. "यासाठी आम्ही थंडीत उभे राहिलो?" "माझी दोन पाकिटं मेणबत्त्या गेल्या." "बायकोच्या ताटाखालचं मांजर." न्हाव्यानं जाहीर केलं की त्याला पहिल्यापासूनच संशय होता. जणू भाऊजींनी यांच्याकडून रडणं उसनं घेतलं होतं आणि आता ते बुडवलं. घरी पोचेपर्यंत बुटाच्या दुकानातला फोटो निघालेला होता. शेजारीणबाईंना सांडपाण्याची पुन्हा आठवण झाली.

आणि खाण? ती दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. पोट कुणाला सुटलंय? सगळे नेहमीसारखे पिंजऱ्यात चढले आणि खाली गेले. रीत कुठे गेली ते कुणी विचारलं नाही, आणि पहिला कोण उतरला तेही कुणाला आठवत नाही.

भाऊजींना वखारीत काम मिळालं, कारण त्या पगारात दुसरं कुणी यायला तयार नव्हतं. ते टेकूंची लाकडं कापतात. जाता-येता कुणी "काय वाघ!" म्हणून खिजवतं. "वाघ नाही, मी घाबरतो," ते म्हणतात. आता मात्र लोकांचा त्यावर लगेच विश्वास बसतो.

वखार लवकर सुटते, पण भाऊजी लवकर घरी येत नाहीत. खाणीची शिफ्ट सुटेपर्यंत पिंजऱ्यासमोर जाऊन उभे राहतात. तिथं आता ना फुगेवाला, ना कॅमेरा. माणसं रोजच्यासारखी धडधाकट वर येतात, त्यात बघण्यासारखं काय असतं? सगळे आले की मग हे घरी. रोज जेवण गार होतं आणि रोज ताईचं तोंड सुटतं. परवा तिनं ताट आपटून विचारलंच, "तुम्हाला कुणी नेमलंय का हो तिथं?"

"आत असताना कळत नाही गं," भाऊजी म्हणाले, "वर आपल्यासाठी कुणी उभं आहे की नाही ते."

ताईनं ताट उचललं आणि भाजी गरम करून आणली.

कालपासून तीही जाते. त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक माझ्या गळ्यात पडलाय, आणि तो दोघंही मुकाट्यानं जेवतात.