शेवटाआधीची पाच मिनिटं

"शेवट झाल्याबिगर उठायचं न्हाय, बाई."

मी टीव्ही लावून बसलेली दिसले की मामा हे हमखास म्हणायचे. म्हणताना डावा हात खांद्याच्या वर नेऊन धरायचे, जणू हातात जाड मखमली पडदा आहे आणि आत माणसं अंधारात चाचपडत येताहेत. तीस वर्षं ज्या हातानं पडदा धरला, तो हात पडदा गेल्यावरही खाली यायला तयार नव्हता.

नील आणि तारा, मामा गेले हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं. "वय झालं होतं ना, आजी?" असं तारानं विचारलं आणि मी हो म्हटलं. फोनवर तेवढंच सांगून होतं. बाकीचं लिहून पाठवते आहे. अडलात तर आईकडून वाचून घ्या, पण सगळं वाचा.

आपल्या बिल्डिंगच्या गेटपाशी निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसणारे मामा तुम्ही पाहिलेत. त्याआधीचे पाहिले नाहीत. मराठीइतकंच कन्नड बोलणाऱ्या आपल्या गावात, लष्कराच्या कॅम्पात, एक थिएटर होतं, इंग्रजी पिक्चर लावणारं. लष्करातले जवान, साहेबलोक, मिशनच्या शाळेतल्या आम्ही शिक्षिका, सगळे तिथंच जायचो. मामा तिथं डोअरकीपर होते. ते दारात उभे राहिले की त्यांच्या छातीशेजारून एका माणसापुरतीच जागा उरायची, त्यामुळं फुकटे आपोआप मागं राहायचे. पुढं थिएटर बंद पडलं आणि मामा आमच्याकडं वॉचमन म्हणून आले, ते त्यांच्या इंग्रजीसकट. दूधवाला सायकल गेटात आडवी लावायचा, तर त्याला हात वर करायला लावून म्हणायचे, "यू आर सराउंडेड!" दूधवाला म्हणायचा, "मामा, आदी दुधाला पातेलं आणा की."

हजारो पिक्चर त्यांनी पाहिले. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्यांनी एकाही पिक्चरचा शेवट पाहिलेला नव्हता. संपायला पाच मिनिटं राहिली की डोअरकीपरनं बाहेर जाऊन मागचे दरवाजे उघडायचे, गर्दी पांगवायची आणि पुढच्या खेळाची रांग लावायची, असा नियम. "हिरो मेला का जगला, लोकांच्या तोंडाकडं बगून वळखायचं," ते म्हणायचे. म्हणून जुन्या पिक्चरचे शेवट ते मला विचारायचे. मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं आहे. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नीट आणि पूर्ण द्यायची मला सवय आहे.

तर गेल्या डिसेंबरची ती दुपार. तुम्ही दोघांनी हॉलचे पडदे ओढून तो भयंकर पिक्चर लावला होता. मामा टाकीच्या पाण्याचं काहीतरी विचारायला वर आले आणि पॅसेजच्या पडद्यापाशी थबकले. "बसा ना मामा," नील म्हणाला. "ड्यूटीवर बसत न्हाईत, रं," मामा म्हणाले आणि उभेच राहिले.

काळ्या चिलखतातला एक योद्धा होता. त्यानं गावंच्या गावं जाळलेली. मग एका जळत्या गावात त्याला शाप मिळतो. तलवार हाताला चिकटते, काही केल्या सुटत नाही, आणि त्या हातानं पाणी घ्यायला गेलं की पाण्याची राख होते. जमिनीतून मेलेले सैनिक उठत होते, आभाळातून कसलेसे पंखवाले जीव येत होते. मी निम्मा वेळ चष्मा काढूनच बसले होते.

"याला रिडेम्प्शन हवं असतं," तारानं मामांना समजावलं.

"त्ये काय असतंय?"

तारानं माझ्याकडं पाहिलं, आणि मला शब्द सुचेना. पापक्षालन म्हणावं तर देवळात गेल्यासारखं वाटलं. उद्धार म्हणावं तर आपल्याकडं उद्धार करतात तो शिव्या देऊन. तोवर तारानं फोनवर शोधलं. "विमोचन," ती म्हणाली.

"विमोचन म्हंजे कन्नडात बिडुगडे की!" मामांचा चेहरा उजळला. "सांगायचं न्हाय व्हय आदी? तीस वर्षं मी भितीवर त्येच पोस्टर चिकटवलंय. 'इंदू बिडुगडे.' आज पिच्चर लागला." मग जरा थांबून म्हणाले, "आनी जेलातनं सुटला तरी बिडुगडेच म्हनत्यात. पर ह्यो गडी लागायचाय का सुटायचाय?"

तुम्ही दोघं हसून लोळलात. मामा हसले नाहीत. ते टीव्हीच्या पडद्याकडं बघत होते. तो योद्धा जळलेल्या गावाबाहेर एका म्हातारीच्या झोपडीपाशी येऊन राहिला होता. तिचे तिन्ही मुलगे त्यानंच मारलेले. तिला ते ठाऊक नाही. तो डाव्या हातानं तिचं पाणी भरतो, लाकडं आणतो, आणि एके दिवशी तिच्यासमोर गुडघे टेकून सांगतो, मीच तो.

इथं मी कुकर बघायला आत गेले. रताळी लावली होती. बाहेरून नीलचा आवाज आला, "मामा, कुठं चाललात? एंड आहे! एंड!"

"व्हय. म्हनून तर दार उघडलंय," मामा म्हणाले. आपलं घराचं दार सताड उघडून, टीव्हीकडं पाठ करून, ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते. पाय आपोआप गेले असणार.

दुसऱ्या दिवशी पेपर द्यायला वर आले. पेपर हातातच ठेवून म्हणाले, "बाई, त्या म्हातारीनं माफ केलं का त्येला?"

मला ठाऊक नव्हतं. माहीत नसेल तिथं 'माहीत नाही' लिहा, अंदाजानं उत्तर ठोकलंत तर मार्क कापीन, असं मी हजारो मुलींना सांगितलं आहे. पण त्यांचा चेहरा असा होता की मी म्हटलं, "केलं. हात हातात घेतला त्याचा." आणि चष्मा पुसायला लागले.

मामा चपलांच्या स्टुलावर बसले. माझ्या घरात ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

थिएटरात लागले तेव्हा ते पंचविशीचे होते. अंगात रग होती आणि मालकानं रगीसाठीच ठेवलं होतं. एका रविवारी दारावर लोंढा आला. वडगावचा एक विणकर पोरगा खांद्याखालून आत घुसायला लागला. मामांनी मानगूट धरली. तिकीट दाखव म्हटलं तर तो गर्दीत नुसता ओरडत होता, उजवी मूठ आवळलेली.

"मला वाटलं, मुठीनं हानतोय. दांडकं हुतं हातात. घातलं मुठीवर. एक न्हाय, तीन." मामा जमिनीकडं बघत होते. "मग मूठ उघडली, बाई. आत तिकीट हुतं."

तीन बोटं मोडली. पुन्हा वळली नाहीत. मागावर तुटलेला धागा सांधायला बोटं वळावी लागतात. त्या पोराचा हातमाग सुटला, तो कायमचा. पोलिसात कुणी गेलं नाही. मालकानं मामांची पाठ थोपटली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दारावर कुणी धक्काबुक्की केली नाही.

"कुठं ऱ्हातोय ठाव हाय मला. चाळीस-पंचेचाळीस वर्सं ठाव हाय. वडगावला जायचं म्हटलं की पाय वळत न्हाईत." मग उठले, पेपर माझ्या हातात दिला. "म्हातारीनं केलं म्हनता. जाऊन बगावं."

मंगळवार त्यांच्या सुट्टीचा. मंगळवारी धुतलेला शर्ट घालून ते वडगावला गेले आणि संध्याकाळी परत आले. मी गेटपाशीच होते.

"वळखलं त्येनं. नाव बी सांगावं लागलं न्हाय. हात फुडं केला, म्हनला, बगितलास? आता जा. दार लावलं."

"मग?"

"समोरच्या कट्ट्यावर बसलो. आत माग चालू. खटाखट, खटाखट. सांच्याला सुनंनं तांब्याभर पानी दिलं." आणि जरासं हसले. "पिच्चरात त्यो म्हातारीला पानी देतोय. हितं उलटंच झालं."

पुढच्या मंगळवारी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्यालाही. दार लागायचं, कट्टा मोकळा असायचा. मी विचारलं की म्हणायचे, "अजून शेवट न्हाय, बाई."

तुम्ही परत गेलात त्यानंतर मी एकटीनं तो पिक्चर पहिल्यापासून लावला. चष्मा काढला नाही. आणि शेवट पाहिला. मीच तो, हे ऐकल्यावर म्हातारी काही बोलत नाही. झोपडीत जाते. तो सकाळी पाणी घेऊन येतो तेव्हा ती मेलेली असते. तो घागर उंबऱ्यावर ठेवतो, आणि तलवार आपोआप गळून पडते. बस. माफी कुठंच नाही.

एका म्हाताऱ्या माणसाला मी चुकीच्या उत्तरावर दर मंगळवारी उन्हातान्हात पाठवत होते. दुसऱ्या दिवशी खाली गेले आणि त्यांच्यासमोर उभी राहून सांगितलं, "मामा, मी खोटं बोलले. तिनं माफ नाही केलं. ती न बोलताच मेली."

"ठाव हाय की," मामा म्हणाले.

"काय ठाऊक आहे?"

"तुमी आत हुता तवा. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, मोजल्या मी. तुमी बगितलाच न्हाय शेवट." मग समजूत घातल्यासारखं म्हणाले, "आनी खोटं बोलताना तुमी चष्मा पुसता."

"मग गेलात कशाला?"

"कुनीतरी जा म्हनाया पायजे हुतं." खुर्ची सरकवून त्यांनी मला बसायला दिली. "पिच्चरातली म्हातारी मेली, बाई. आमचा गडी जित्ता हाय अजून. तवर जायाचं."

पाचव्या का सहाव्या मंगळवारी आतून आवाज आला. "कट्ट्यावर बसून माश्या मारतोयस, त्यापेक्षा आत येऊन कांड्या तरी भर." कांड्या म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात घालायच्या छोट्या नळ्या, त्यांच्यावर सूत गुंडाळायचं असतं. त्या घरात आता विणकराच्या मुलाचे दोन यंत्रमाग आहेत, तो स्वतः नुसती देखरेख करतो. मामा आत गेले. केळीच्या घडासारखी त्यांची बोटं आणि ते केसासारखं सूत. पहिल्या दिवशी इतका गुंता केला म्हणे, की सून तोंडाला पदर लावून मागच्या दारी पळाली.

मग गुंता सोडवायला शिकले. मग कांड्या. मग, फार उशिरा, तुटलेला धागा सांधायला. शेजारी बसून तो विणकर तोंडानं शिकवायचा, कारण बोटानं दाखवता येत नव्हतं. "शिव्या लई घालतोय," मामा कौतुकानं सांगायचे. "म्हनतो, तुझ्या बोटांपरीस माझी मोडलेली बरी."

"माफ केलं म्हणाले का?"

"न्हाय. मी इचारलं बी न्हाय. च्या देतोय पर. आलं घालून."

एकदा खिशातून सुताचे दोन तुकडे काढून त्यांनी मला गाठ मारून दाखवली. गाठ बोटाला लागतही नव्हती. तीन वेळा चुकले, चौथ्यांदा जमली. तोच हात होता तो, दांडकं धरलेला.

मामा एका रविवारी दुपारी गेले. खुर्चीत बसल्या बसल्या. भाजी घेऊन येणाऱ्या शेजारणीला वाटलं, डोळा लागला आहे. खानापूरकडचा पुतण्या आला, सगळं रीतीनं झालं. वडगावला कळवायचं माझ्या मनात होतं, पण नाव आणि घर मी कधी विचारलंच नव्हतं. सगळ्याच्या याद्या करणारी तुमची आजी, एवढी एक नोंद तिच्याकडं नव्हती.

बुधवारी दुपारी दाराची बेल वाजली. बाहेर एक बारीक चणीचे गृहस्थ, टोपी घातलेले, उजवा हात कोटाच्या खिशात.

"डोअरकीपर हितंच असतोय न्हवं? खाली खुर्ची मोकळी हाय. काल मंगळवार हुता. आला न्हाय."

मी सांगितलं. त्यांनी दाराची चौकट धरली. डाव्या हातानं.

"बिगर सांगता," एवढंच म्हणाले. रागानं.

मी आत बोलावलं, पाणी दिलं. माझ्याकडं निरखून बघत म्हणाले, "त्या खोटा शेवट सांगनाऱ्या बाई तुमीच व्हय?" मी हो म्हटलं. "त्यो पिच्चर दावा मला. दर मंगळवारी डोकं खाल्लंय त्येनं माझं, तलवारवाला, तलवारवाला करून."

मी पडदे ओढले आणि पिक्चर लावला. इंग्रजी समजत नव्हतं, मी जिथं लागेल तिथं सांगत होते. मेलेले सैनिक उठले तेव्हा "थुत्" म्हणाले. पाण्याची राख झाली तेव्हा खिशातला हात बाहेर काढून मांडीवर ठेवला. चहा आणू का विचारलं तर म्हणाले, "शेवट झाल्याबिगर उठायचं न्हाय."

योद्ध्यानं गुडघे टेकले. शेवटाला पाच मिनिटं राहिली होती. मला तिथं बसवेना. मी उठले, पॅसेजचा पडदा बाजूला सारला, घराचं दार सताड उघडलं आणि जिन्याच्या तोंडाशी, टीव्हीकडं पाठ करून उभी राहिले. खाली गेटपाशी निळी खुर्ची दिसत होती.

मागं संगीत थांबलं.

"बाई," आतून आवाज आला, "मेली व्हय म्हातारी?"

"हो."

"आनी माफी?"

चष्म्याकडं गेलेला हात मी खाली घेतला. "नाही दिली."

आतून पाण्याचा पेला टेकवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "द्याया पायजे हुती तिनं."