फ्रिजची बॅटरी चार्ज होईना

शनिवार-रविवारी आम्ही अकोले गावातून भंडारदऱ्याला चहा-नाश्त्याचा ट्रेलर घेऊन जातो. पिकअप आमचे हे चालवतात, ट्रेलर मागे जोडलेला. गॅस मी सांभाळते, गिऱ्हाईक धाकटी जाऊ. ट्रेलरमधला छोटा फ्रिज वेगळ्या बॅटरीवर चालतो आणि पिकअपचं इंजिन चालू असलं की वाटेत ती बॅटरी चार्ज होते. फ्रिज घ्यायचा आग्रह जावेचा. ताक-श्रीखंड ठेवू म्हणाली, आणि मागच्या सीझनला ते खपलंही.

यंदा मात्र धरणावर पोचून जरा वेळ झाला की फ्रिज बंद. पहिल्या शनिवारी दूध नासलं, पुढच्या शनिवारी ताक इतकं आंबलं की ओतून द्यावं लागलं. हे जावेचे थोरले दीर, आणि आमच्या घरात दीर-भावजय एकमेकांशी थेट फार बोलत नाहीत, म्हणून हे माझ्याकडे बघून म्हणाले, "सारखं दार उघडल्यावर बॅटरी टिकंल कशी?"

जावेने ऐकलं. दिवसभर तिने फ्रिजला हात लावला नाही. गिऱ्हाइकाने थंड पाणी मागितलं की मलाच उठावं लागे.

मग नवी बॅटरी आणली. तीही उतरली. गॅरेजवाल्याने पिकअप तपासून सांगितलं, "हिचं चार्जिंग एकदम ओके हाय. ट्रेलर जोडून बघा."

रविवारी निघण्याआधी अंगणातच ट्रेलर जोडला, इंजिन चालू केलं. शेजाऱ्यांचा व्होल्ट मोजायचा मीटर आणला होता. पिकअपच्या बॅटरीवर चौदा व्होल्ट दाखवत होता, ट्रेलरच्या बॅटरीवर जेमतेम बारा.

"मधी कुठंतरी वायर तुटली आसंल," हे म्हणाले आणि लाल वायर हाताने चाचपत पार मागपर्यंत गेले. ती कुठेच तुटलेली नव्हती.

जाऊ पायरीवर कांदे चिरत बसली होती. तिथूनच म्हणाली, "अक्का, लाल वायर बघून झाली. काळीचं काय?"

यांनी चिमट्यांची जाड जंपर केबल काढून पिकअपच्या बॅटरीची काळी बाजू सरळ ट्रेलरच्या बॅटरीच्या काळ्या बाजूला जोडली. मीटर तेराच्या पुढे गेला. म्हणजे दोष अर्थिंगमध्ये, करंट परत नेणाऱ्या काळ्या बाजूला. काळी वायर ट्रेलरच्या चासीला, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्याला, जिथे बोल्टने बसवली होती, तिथे हे वाकले आणि तसेच वाकून राहिले. सीझनच्या आधी यांनी ट्रेलरला निळा रंग दिला होता. वायर काढून रंग दिला, वाळल्यावर बोल्ट परत आवळला. वायर आणि लोखंडाच्या मध्ये रंगाचा जाड थर बसला होता, आणि रंगातून करंट जाईना.

"रंग मीच दिला व्हता," हे म्हणाले. कोणाला उद्देशून ते कळलं नाही. मग पॉलिश पेपरने ती जागा लोखंड चमकेपर्यंत घासली, बोल्ट घट्ट केला, वर थोडं ग्रीस फासलं. जंपर काढल्यावरही मीटर तेराच्या वरच राहिला.

जाऊ उठली, कांद्याचे हात धुतले आणि ताकाचं पातेलं फ्रिजमध्ये ठेवून आली.

घाट चढून पोचायला आम्हाला उशीर झाला आणि नेहमीची जागा गेली. पार दुसऱ्या टोकाला ट्रेलर लावावा लागला, तिथे गिऱ्हाईक कमी. तरी दुपारपर्यंत ताक संपलं. फ्रिज संध्याकाळपर्यंत चालू होता. परतताना जाऊ केबिनमध्ये माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, आणि यांनी गाण्यांचा आवाज आपणहून कमी केला.