रजेवरची माणसं

आमच्या सुभेदारांना माणूस दिसला की मोजायची सवय होती. पंगत लग्नाची असो की बारशाची, आधी बोट फिरवून ओठातल्या ओठात आकडा लावायचे, मगच पानावर बसायचे. कवठे महांकाळकडच्या त्या कोरड्या गावात मी नवा मास्तर म्हणून पोचलो, तेव्हा माझं नावगाव विचारायच्या आधीच ते ओरडले, "या मास्तर! तुमच्यानं हजार भरली बगा!"

एवढ्या आनंदाचं कारण दुसऱ्या दिवशी कळलं. दुष्काळी कामावर गावानंच खडी फोडून रस्ता केला होता, पण एस.टी. तीन कोसांवरच्या फाट्यावरूनच पळायची. हजार वस्ती असेल तर गाडी सोडू, असं डेपोतल्या कुणा साहेबानं सांगितलं होतं. पलटणीत होते तेव्हा सुभेदारांची निम्मी रजा त्या तीन कोसांत ट्रंक डोक्यावर वाहण्यात गेलेली. एकदा आई आजारी म्हणून धावत आले, तर तिची तिरडी नुकतीच उचलली होती. हे ते मला एकदाच बोलले. नंतर विषय निघाला की मिशी पुसत उठून जायचे.

साहेब मोजायला आले, तेव्हा सुभेदारांनी अख्खं गाव चावडीपुढं कवायतीसारखं उभं केलं. म्हाताऱ्याकोताऱ्यांनासुद्धा "छाती भाईर!" म्हणून दम भरला. पण आकडा साठानं कमी पडला. धनगरवस्तीवरची माणसं मेंढरं घेऊन पलूसकडं बागायती रानात खतासाठी बसवायला गेली होती, ते ऐन गडबडीत कुणाच्या ध्यानातच आलं नाही. साहेब म्हणाले, "हजर तेवढीच माणसं धरणार."

"आवं सायेब, रजेवर गेलेला जवान पलटणीतनं कमी करत्यात व्हय?"

साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली. सुभेदार त्याच पावली पलूसच्या वाटेला लागले.

आठव्या दिवशी धनगरवस्ती आली, पण मेंढरं कुणाच्या भरवशावर टाकणार? तीही आली. नेमक्या त्याच वेळी साहेबांची जीप रस्त्याला लागली आणि कळपात अडकली. पुढं मेंढरं, मागं मेंढरं. शेवटी साहेब उतरले आणि शेवटचा कोसभर धूळ खात चालत आले. तांब्याभर पाणी घटाघटा पिऊन म्हणाले, "मोजू नका आता. गाडी सोडतो."

सुभेदार अडून बसले. "न्हाई सायेब, मोजाच! फुकटची गाडी नगं आमास्नी." भर उन्हात पुन्हा सगळी कवायत झाली. हजार भरली. सुभेदारांनी चावडीच्या भिंतीवर गेरूनं तो आकडा हातभर मोठा लिहिला.

गाडी सुरू झाली, आणि हळूहळू गावच गाडीत बसून जाऊ लागलं. पोरं सांगलीला कामाला लागली, काही धनगर पलूसकडंच राहिले. भिंतीवरचा आकडा मात्र ढिम्म हलेना. मी एकदा चिडवलं, "सुभेदार, ही तर शुद्ध थाप झाली."

"थाप कशाची? रजेवर हायती ती," असं म्हणून त्यांनी आकड्याखाली 'रजेवर' असं लिहिलं आणि गेलेल्यांची नावं मांडायला घेतली.

माझी बदली साताऱ्याला झाली, तेव्हा ते गाडीच्या खिडकीशी आले. मला वाटलं, निरोपाचं काही बोलतील. म्हणाले, "मास्तर, तुमास्नी कमी करनार न्हाई. रजा संपली की हजर व्हायाचं." मला हसू आवरेना, आणि गाडी फाट्यावर पोचेपर्यंत डोळेही आवरेनात.

बऱ्याच वर्षांनी गेलो. ते गेल्याचं पत्र आधीच आलं होतं. गाडी थेट चावडीपाशी थांबली. उतरलो आम्ही दोघंच, मी आणि रजेवर आलेला एक जवान. भिंतीवर गेरूचा आकडा तसाच होता. नावांच्या यादीत माझं नाव सापडलं. सगळ्यांत खाली, दुसऱ्याच कुणाच्या तरी वेड्यावाकड्या अक्षरात, एक नाव नव्यानं लिहिलं होतं: सुभेदार.