गणपतीचं व्याज, मुदतीआधी

परवा आमचा गणपती थोडक्यात वाचला... तोही बँकेत शेजारच्या काउंटरकडे माझे कान होते म्हणून.

जयपूरला प्रताप नगरात आमची मोजकीच मराठी घरं. बहुतेक रेल्वे नाहीतर बँकवाले, बदली ठरलेली. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान, मला कोण बदलणार... म्हणून मंडळाचा खजिनदार मी.

मंडळाचं एक सेव्हिंग खातं आहे. जुन्या मंडळींनी वर्गणी काढून त्यात मुद्दल ठेवलं आणि दंडक घातला... मुद्दलाला हात लावायचा नाही, मूर्ती व्याजातूनच आणायची.

जूनअखेरपर्यंतचं सगळं व्याज मी हौसेनं सतरंज्यांत घातलं, सप्टेंबरचं येतंच आहे म्हणून. मूर्तिकाराला शब्द देऊन बसलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला. व्याज जमा होणार महिनाअखेर, तोवर विसर्जनसुद्धा उरकलेलं.

म्हटलं, पदरचे घालू. खात्यावर दुसरी सही जोशीकाकूंची, काकांच्या बदल्या इथे येऊन संपल्या, म्हणून मंडळ उभं करणाऱ्यांपैकी त्या एकट्याच इथे उरल्यात. त्यांच्या कानावर घालायला गेलो, तर मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "तू पैसे घातलेस की गणपती सुरेशचा झाला. नवा बदलून आलेला माणूस मग पाहुण्यासारखा येईल, दर्शन घेईल, जाईल. आत्ता तो स्वतःच्या गणपतीला येतो."

"नंतर परत घेईन ना, काकू."

"घेणार नाहीस. ओळखते तुला."

बँकेत विचारलं, व्याज जरा आधी मिळेल का? मॅडम म्हणाल्या, "सर, सिस्टम तिमाही के आख़िर में ही डालता है." झालं... पासबुक भरून घ्यायला रांगेत उभा राहिलो.

शेजारी एक म्हातारेबुवा खातं बंद करत होते. "और मेरा ब्याज? वो तो गया?" क्लार्क म्हणाला, "जाएगा क्यों, बाऊजी? बंद करोगे तो आज तक का सारा ब्याज आज ही जुड़ जाएगा."

नुसत्या आवाजावरून मोटरचं बेअरिंग ओळखणारा माणूस मी... हे कसं सुटेल?

पण खातं बंद करायचं म्हटल्यावर काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे मुद्दल काढायचं?" मी समजावलं, आधी त्याच शाखेत मंडळाचं नवं खातं उघडू. मुद्दल या खात्यातून थेट त्या खात्यात, मधे कुणाच्या हातात रुपया येणार नाही.

त्यांनी पासबुक उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाल्या, "मतलब, खात्याची बदली."

"तसंच समजा."

"मग चालेल. नीट बांधलं तर बदलीत सामान मोडत नाही... अख्खा जन्म तेच केलंय."

ठराव, सह्या, केवायसी... चपला झिजल्या. पण परवा जुनं खातं बंद झालं आणि त्या दिवसापर्यंतचं व्याज मिळालं. मूर्तीपुरतं बरोबर झालं.

तिथून तसाच मूर्तिकाराकडे गेलो. त्यानं पावतीपुस्तक उघडून विचारलं, "किसके नाम से काटूँ, सेठजी?" मी मंडळाचं नाव सांगितलं.

दुकानाच्या पाटीवर आपलं नाव लागावं म्हणून मी निम्मं आयुष्य झटलो. परवा त्या पावतीवर ते नव्हतं... आणि इतकं हायसं मला फार दिवसांत वाटलं नव्हतं.