पंगतवाले गुरुजी

मुख्याध्यापक म्हटला की त्याच्या काखेत फाइल असावी. आमच्या गुरुजींच्या काखेत ताट असायचं. साधं स्टीलचं, कडेला पोचा आलेलं. सुलतानपूरहून मोटारसायकलवर येताना ते हँडलच्या पिशवीत खडखडायचं, आणि त्या आवाजासरशी आम्ही वर्गात चिडीचूप व्हायचो. शाळेत ताटं नव्हती असं नाही. पण गुरुजी म्हणायचे, "पोरांच्या वाट्याचं ताट मी काऊन घेऊ?" गावानं त्यांचं नाव पंगतवाले गुरुजी ठेवलं होतं आणि ते त्यांना मनातून आवडायचंही.

आमच्या गावातली निम्मी घरं दसरा झाला की कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जायची. मुकादमाची गाडी आली की आईबापाबरोबर पोरंही गाडीत, आणि शाळा उन्हाळ्यापर्यंत अर्धी रिकामी. अशा मुलांसाठी सरकारनं हंगामी वसतिगृहाचा जादा निधी द्यायला सुरुवात केली. वसतिगृह म्हणजे इमारत वगैरे काही नाही. मुलांनी रात्री आजीजवळ झोपायचं आणि सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवायचं. गाडी यायच्या आधी गुरुजी घरोघर फिरत. बापाच्या नादी लागत नसत, थेट आजीशी बोलत. "भाकरीचं सरकार पाहते, अभ्यासाचं मी पाहतो. तुमी फक्त रात्री पांघरूण घाला." अशा मागण्याला कोणती आजी नाही म्हणेल?

माझी मैत्रीण रुख्मा अशीच आजीजवळ राहिली. माझं घर शेतीवर चालणारं, आईवडील बारा महिने गावात. पहिल्या वर्षी उद्घाटनाला एक पाहुणे आले. त्यांनी वसतिगृहातल्या मुलांना उभं केलं आणि म्हणाले, या गरीब लेकरांसाठी टाळ्या वाजवा. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवसापासून रुख्मा शाळेत आली नाही.

गुरुजी तिच्या आजीच्या ओसरीवर जाऊन बसले. तिथं काय बोलणं झालं मला ठाऊक नाही, पण रुख्मा परत आली आणि तिच्याबरोबर शाळेत दोन कायदे आले. पहिला, "एकाले उभं केलं, तं सगळ्यांनी उभं राह्यचं." दुसरा, आम्ही घरच्या मुलांनीही संध्याकाळी फडक्यात भाकर बांधून पंगतीला यायचं. माझी आई करवादली, "घरी चूल असताना शाळेत काऊन जेवतं वं?" गुरुजी तिला म्हणाले, "वहिनी, पोरगी भाकर तुमचीच खाईन. बसन फक्त आमच्यात."

पंगतीत ते सगळ्यात टोकाला बसत. भाजी खारट झाली तर त्यांना सांगायचं, स्वयंपाकवाल्या शांताबाईला नाही, अशी ताकीद होती. आणि सगळ्यात सावकाश जेवणाऱ्या मुलाचं होईपर्यंत गुरुजींचा शेवटचा घास ताटात पडून असे. मी त्या काळात भारीच सावकाश जेवायची. त्यांनी माझ्यापायी किती गार वरण खाल्लं असेल कोण जाणे.

मग एकदा तालुक्याचे साहेब तपासणीला आले. वर्गात येऊन म्हणाले, "ज्यांचे आईबाप कोयत्यावर गेलेत, त्यांनी उभं राहा." सगळा वर्ग उभा राहिला. मीही. साहेबांच्या कपाळावर आठ्या पडल्या. यादीत एवढी मुलं नव्हती. "गुरुजी, बोगस पोरं दाखवता का? असं असेल तर तुमचं वसतिगृह बंद करावं लागेल."

माझ्या शेजारी रुख्मा उभी होती. तिच्या आजीला नीट दिसत नव्हतं, चुलीपाशी बसवत नव्हतं. आजीनं आधीच सांगून ठेवलं होतं, शाळेतलं जेवण बंद झालं तर मुकादमाच्या पुढच्या गाडीत तुले बसवून देईन. गुरुजींनाही हे माहीत होतं. वसतिगृहातल्या मुलांकडे बोट दाखवलं असतं तर तिथल्या तिथे मिटलं असतं. पण त्यांनी बोट दाखवलं नाही. "संध्याकाळी जेवायले या साहेब," एवढंच म्हणाले.

साहेब आले. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरले. सगळ्यांपुढे सारखीच भाकर. "यातली वसतिगृहातली कोणती?"

"तुमीच ओळखा," गुरुजी खाली मान घालून म्हणाले. तेवढं एकदाच मी त्यांना घाबरलेलं पाहिलं.

तेव्हा रुख्मा उभी राहिली. कोणी सांगितलं नव्हतं. "मी हावो साहेब. माहे मायबाप उसाच्या फडावर हायेत." तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हे सुमी घरून भाकर आणते, तिची तिची खाते. गुरुजी खोटं नाही बोलत." आम्ही कायद्याप्रमाणे उठायला लागलो, तर तिनं हातानंच आम्हाला खाली बसवलं. मग तिच्यामागून वसतिगृहातली बाकीची मुलं एकेक करून उभी राहिली. साहेबांनी शांताबाईचं पातेलं पाहिलं, आमची फडकी पाहिली, आणि बूट काढून पंगतीत बसले. वसतिगृह चालू राहिलं.

साहेब गेल्यावर गुरुजींनी रुख्माला जवळ बोलावलं. "मी तुले झाकून राह्यलो होतो बाई. तुले झाकाची गरजच नव्हती." आणि उपरण्यानं डोळे पुसून आम्हाला उगाचच पाढे म्हणायला लावले.

गेल्या साली गुरुजी गेले. तेरवीला मांडवात जुनी पोरं-पोरी जमली होती. आता जालन्याला नर्स असलेली रुख्मा उशिरा आली, काखेत स्वतःचं ताट घेऊन. पंगतीच्या टोकाची जागा कोणी घेतली नव्हती. ती सरळ तिथं जाऊन बसली. वाढणारा मुलगा बाहेरगावचा, गुरुजींच्या नात्यातला. शहरातली पाहुणी समजून अदबीनं म्हणाला, "ताई, तुमी खुर्चीवर बसा ना. तुमी गुरुजींच्या कोण?"

रुख्मानं ताट पुढे सरकवलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "मी त्यांच्या वसतिगृहातली."

त्या दिवशी मी मुद्दाम सावकाश जेवले. रुख्मानं शेवटचा घास माझ्यासाठी थांबवून धरला होता.